आवाज मधोमध कसा येतो?

एका निवृत्त शिक्षकमित्राने हौसेने चांगल्यापैकी स्टिरिओ संच घेतला आणि ऐकायला बोलावले. घर नवे होते. भिंतींना गुळगुळीत रंग, खाली फरशी, खिडक्यांना पडदे अजून लागायचे होते. एक स्पीकर कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटावर छताला भिडवून ठेवलेला, दुसरा खाटेजवळच्या तिपाईवर. आम्ही खाटेवर बसलो आणि त्यांनी पन्नासच्या दशकातले एक नाट्यपद लावले. गायकाचा आवाज भरपूर येत होता, पण शब्द एकमेकांत मिसळत होते. तबल्यातला डग्गा तेवढा खोलीभर घुमत होता. शिवाय सगळे गाणे तिपाईवरच्या स्पीकरमधूनच येते आहे आणि कपाटावरचा बंद आहे, असे वाटत होते. मित्राने 'बॅलन्स'चे बटण कपाटाच्या दिशेने बरेच फिरवून पाहिले. आवाज वाढला, पण गायक काही तिपाईवरून उठेना.

"दुकानदार म्हणतो, ॲम्प्लिफायर बदला," मित्र म्हणाले.

ॲम्प्लिफायर बदलून काही झाले नसते. त्या खोलीत जे बिघडले होते ते खोलीचे, अंतरांचे आणि आपल्या दोन कानांचे होते. या तिन्ही गोष्टींचा उलगडा कसा होत गेला, ती हकीकत सांगण्यासारखी आहे. तिची सुरुवात एका वर्गखोलीत होते, म्हणून शिक्षकांनी तर ती ऐकायलाच हवी.

गाद्यांचे गणित

१८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. तिच्यात एक देखणे व्याख्यानगृह होते. त्यात दोष एकच होता. व्याख्यात्याचे बोलणे कुणाला कळत नसे! विद्यापीठाचे अध्यक्ष एलियट यांनी हे काम भौतिकशास्त्र विभागातल्या वॉलेस सॅबिन या सत्तावीस वर्षांच्या तरुण शिक्षकावर सोपवले.

आवाज बंद झाल्यावरही त्या रिकाम्या दालनात तो साडेपाच सेकंद घुमत राहतो, असे सॅबिन यांना आढळले. साडेपाच सेकंदांत सावकाश बोलणारा माणूससुद्धा पुढची बारा-पंधरा अक्षरे उच्चारतो. म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानावर एका वेळी पंधरा अक्षरांची खिचडी येत होती. बोलणाऱ्याने आवाज चढवला तर खिचडीही तेवढ्याच जोराने वाढली जाई. वर्गात गोंगाट वाटला की आपण आवाज चढवतो, आणि घोटाळा वाढतो. त्याचेही एक कारण हेच.

सॅबिन यांची साधने साधी होती. सेकंदाला ५१२ कंपनांचा स्वर देणारी ऑर्गनची नळी, वेळ नोंदणारे एक उपकरण आणि स्वतःचे कान. नळी वाजवायची, एकदम थांबवायची आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा. जवळच्याच सँडर्स नाट्यगृहातल्या बाकांवरच्या गाद्या ते या दालनात आणवत. काही गाद्या ठेवल्या की आवाज घुमण्याचा काळ कमी होई, आणखी ठेवल्या की आणखी कमी. बाहेरची वर्दळ थांबावी म्हणून हे सगळे मध्यरात्रीनंतर चाले, आणि गाद्या सकाळी जागच्या जागी परत लागत. गाद्या वाहणाऱ्या मदतनिसांची नावे भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत नाहीत, पण त्यांच्यावाचून हे शास्त्र जन्मले नसते.

मध्येच एक गंमत झाली. काही मोजमापे जुळेनात, तेव्हा सॅबिन यांच्या लक्षात आले की आपल्या अंगावरचे कपडेही आवाज शोषतात. रोज वेगळे कपडे म्हणजे रोज वेगळे उत्तर. त्यांनी कित्येक महिन्यांची मोजमापे बाजूला टाकली आणि पुढे प्रयोगाला नेहमी तेच कपडे घालू लागले. विद्यार्थ्यांना 'प्रयोगातली चूक' शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे.

१८९८ साली त्यांना संबंध सापडला. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा. आवाज किती सेकंद घुमेल ते मिळते. शोषण मोजण्यासाठी सॅबिन यांनी निवडलेले माप होते उघडी खिडकी. तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक. याच सूत्राच्या आधाराने आखलेले बोस्टनचे सिंफनी हॉल १९०० साली सुरू झाले आणि आजही जगातल्या उत्तम संगीतगृहांत गणले जाते.

आपल्या वर्गाला हे सूत्र लावून पाहू. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच खोली घ्या. घनफळ १६८ घनमीटर. भिंती, छत आणि फरशी मिळून १९४ चौरस मीटर. गिलावा आणि फरशी आवाजाचा साधारण तीन टक्के भाग शोषतात असे धरले, तर एकूण शोषण ५.८. उत्तर येते ४.६ सेकंद! सहा चौरस मीटरच्या खिडक्या उघडल्या की काळ २.३ सेकंदांवर येतो. चाळीस मुले येऊन बसली, आणि प्रत्येकामागे ०.४ धरले, की तो एका सेकंदाजवळ येतो. बोलणे स्वच्छ कळायला तो याहूनही कमी हवा. पावसाळ्यात खिडक्या लावल्या आणि निम्मी मुले गैरहजर असली, की शिकवणे अवघड का जाते याचा हिशेब आता विद्यार्थ्यांनाच करायला लावा.

मित्राच्या खोलीचाही हिशेब तिथेच वहीवर केला. साडेचार बाय साडेतीन मीटरची, तीन मीटर उंच, बहुतेक रिकामी खोली. आकडा तीन सेकंदांच्या वर गेला. गवई कितीही मोठा असला तरी तीन सेकंदांच्या खिचडीत त्याचे शब्द कसे कळणार?

दोन कान, एक डोके

शब्द का कळत नाहीत ते सापडले. पण गायक तिपाईवरच का बसतो, हे सॅबिन यांचे सूत्र सांगत नाही. त्यासाठी दुसरीकडे जावे लागते.

१८८१ साली पॅरिसमध्ये विजेचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. क्लेमाँ आदेर या अभियंत्याने तिथल्या ऑपेरागृहाच्या रंगमंचावर पुढच्या बाजूला टेलिफोनचे प्रेषक मांडले आणि तारांनी आवाज प्रदर्शनात आणला. प्रत्येक श्रोत्याला दोन श्रवणी दिल्या, एक डाव्या कानाला, एक उजव्या. गायक रंगमंचावर डावीकडून उजवीकडे चालत गेला की तो चालतो आहे हे ऐकणाऱ्याला कळे! लोकांनी रांगा लावल्या. पण असे का होते, हे तेव्हा नीट कुणालाच सांगता येत नव्हते.

ते कोडे सोडवण्यात इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांचा वाटा मोठा. सुरुवातीला त्यांना वाटत होते की आवाज ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या कानाला तो मोठा ऐकू येतो, कारण दुसऱ्या कानावर डोक्याची सावली पडते. उंच स्वरांसाठी हे बरोबर आहे. सेकंदाला ४००० कंपने असलेल्या स्वराची तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटर असते आणि डोके त्याहून मोठे. पण १०० कंपनांच्या खर्जाची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या आसपास जाते. तो डोक्याला सहज वळसा घालतो, सावली पडतच नाही. तरीही खर्ज कुठल्या बाजूने आला हे आपल्याला कळते. १९०७ साली रॅले यांनी किंचित वेगळ्या कंपनसंख्येच्या दोन नादकाट्यांचा आवाज नळ्यांनी दोन कानांशी वेगवेगळा नेला. तरंगांचे चढ-उतार कधी या कानाशी आधी येत, कधी त्या कानाशी, आणि आवाज डोक्याभोवती इकडून तिकडे फिरल्यासारखा वाटे. म्हणजे कान वेळेतला फरकही ओळखतात.

किती फरक? आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एका कानापासून दुसऱ्यापर्यंत डोक्याला वळसा घालून जायला त्याला फार तर दोन तृतीयांश मिलिसेकंद लागतो. हा झाला सगळ्यात मोठा फरक. प्रत्यक्षात याच्या दहाव्या हिश्शाहून कमी फरकही आपल्याला कळतो. वर्गात हे दाखवायला दीड मीटर रबरी नळी पुरे. तिची दोन टोके मुलाच्या दोन्ही कानांशी धरा, नळी पाठीमागून जाऊ द्या, आणि मध्यावर पेन्सिलने हलकेच टिचकी मारा. मुलगा "मधे" म्हणेल. आता मध्यापासून एकच सेंटिमीटर सरकून टिचकी मारा. बाजू कोणती ते बहुतेक मुले अचूक सांगतात. इथे वेळेतला फरक असतो सेकंदाचा सुमारे सतरा हजारावा भाग. असे घड्याळ आपण दोन्ही कानांमध्ये घेऊन हिंडतो.

सिनेमागृहातली शंका

अॅलन ब्लुमलाइन हे लंडनचे विद्युत अभियंते कोलंबिया ग्रामोफोन कंपनीत काम करत होते. १९३१ साली ही कंपनी आणि कुत्र्याच्या चित्रामुळे आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली ग्रामोफोन कंपनी एकत्र येऊन ईएमआय झाली. त्याच वर्षी ब्लुमलाइन पत्नीबरोबर बोलपट पाहायला गेले होते. पडद्यावरचा माणूस एका बाजूला आणि त्याचा आवाज दुसरीकडच्या स्पीकरमधून, हे त्यांना खटकले. आवाज माणसाच्या मागोमाग नेण्याची युक्ती आपल्याजवळ आहे, असे ते पत्नीला म्हणाल्याची आठवण सांगतात. १४ डिसेंबर १९३१ ला त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. ब्रिटिश पेटंट क्रमांक ३,९४,३२५ मध्ये एकूण सत्तर दावे आहेत. स्टिरिओची जवळजवळ सगळी मूलतत्त्वे त्यात आली आहेत.

त्यातली खरी अडचण समजून घेण्यासारखी आहे. श्रवणी लावल्या की डावा आवाज डाव्या कानालाच मिळतो. खोलीत दोन स्पीकर ठेवले की मात्र प्रत्येक कान दोन्ही स्पीकर ऐकतो. मग आदेर यांची जादू मोडायला हवी. ब्लुमलाइन यांनी गणित मांडून दाखवले की ती मोडत नाही, फक्त वेगळ्या वाटेने साधावी लागते. समजा दोन्ही स्पीकरमधून एकच खर्ज एकाच क्षणी निघतो आहे, पण डावा स्पीकर मोठ्याने वाजतो आहे. डाव्या कानाशी मोठा तरंग आधी पोचतो आणि लहान मागून. उजव्या कानाशी लहान आधी आणि मोठा मागून. दोन्हींची बेरीज केली तर डाव्या कानातला एकत्र तरंग थोडा लवकर येतो, उजव्यातला थोडा उशिरा. स्पीकरमधला फरक होता केवळ लहान-मोठेपणाचा, कानात तो झाला वेळेचा! आणि वेळेचा फरक हाच तर खर्जाची बाजू ओळखण्याचा मार्ग, हे रॅले सांगून गेले होते.

ही युक्ती चालायला अट एकच. दोन्ही स्पीकर ऐकणाऱ्यापासून सारख्या अंतरावर हवेत. स्टिरिओच्या 'समतोला'चे मूळ या अटीत आहे.

जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड ध्वनिमुद्रणगृहात सर थॉमस बीचम मोझार्टच्या 'ज्युपिटर' सिंफनीची तालीम घेत असताना ब्लुमलाइन यांनी या पद्धतीने मुद्रण केले. अमेरिकेतही बेल प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे काम चालू होते. २७ एप्रिल १९३३ ला फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तीन वेगळ्या तारांवरून वॉशिंग्टनच्या श्रोत्यांना ऐकवण्यात आला. गंमत अशी की त्या वाद्यवृंदाचे प्रसिद्ध संचालक स्टोकोव्स्की वाद्यवृंदासमोर नव्हतेच. ते वॉशिंग्टनमध्ये आवाजाची बटणे फिरवत बसले होते.

ईएमआयचे लक्ष पुढे दूरचित्रवाणीकडे वळले आणि स्टिरिओ बाजूला पडला. ब्लुमलाइनही त्याच कामाला लागले, नंतर युद्धात रडारच्या. ७ जून १९४२ ला विमानातून वापरायच्या एका गुप्त रडारची चाचणी चालू असताना त्यांचे हॅलिफॅक्स विमान हेरफर्डशरमध्ये कोसळले. विमानातले अकराही जण गेले. ब्लुमलाइन तेव्हा अडतीस वर्षांचे होते, नावावर १२८ पेटंटे. युद्धामुळे ही बातमी दाबून ठेवली गेली. स्टिरिओ तबकड्या बाजारात सर्रास आल्या त्या १९५८ मध्ये. तबकडीच्या खोबणीच्या दोन उतरत्या भिंतींवर दोन आवाज कोरायची त्यांची पद्धत १९३१ च्या पेटंटमध्ये होती.

आधी येईल तो

आता मित्राच्या खाटेकडे वळू. तिपाईवरचा स्पीकर आमच्यापासून दीड मीटरवर होता, कपाटावरचा दोन मीटर सत्तर सेंटिमीटरवर. फरक १२० सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन मिलिसेकंद. अशा वेळी कान काय करतात?

हा प्रश्न १९४९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये हेल्मुट हास यांनी आपल्या पीएच.डी.च्या कामासाठी घेतला. भिंतींचे परावर्तन नको म्हणून त्यांनी इमारतीच्या गच्चीवर दोन स्पीकर मांडले आणि दोन्हींतून तेच बोलणे, पण एकातून थोडे उशिरा, ऐकवले. ऐकणाऱ्यांना आवाज आधी पोचणाऱ्या स्पीकरमधूनच येतो आहे असे वाटे. उशिरा येणारा आवाज पाच ते तीस मिलिसेकंद मागे असेल, तर तो दहा डेसिबलपर्यंत, म्हणजे शक्तीने दहापट, मोठा केला तरी वेगळा ऐकू येत नसे. तो पहिल्याला नुसता जोर देई. मागे राहण्याचा काळ बराच वाढला की मात्र तो वेगळा होऊन बोलण्यात व्यत्यय आणू लागे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनीही असेच निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेंदूचा हा नियम शहाणपणाचा आहे. भिंतीवरून येणारा आवाज नेहमीच उशिरा येतो, तेव्हा खरी दिशा पहिल्याचीच.

बॅलन्सचे बटण बरेच फिरवूनही गायक का उठेना, ते आता कळले. तिपाईवरच्या स्पीकरचा आवाज साडेतीन मिलिसेकंद आधी येत होता आणि त्याचा हा हक्क बटणाला सहजी काढून घेता येत नव्हता. तिथे बटण नाही, दोरी लागते.

तेवढ्यावर भागत नाही हेही खरे. भिंतीवरून काही मिलिसेकंदांनी येणारा आवाज वेगळा ऐकू येत नसला, तरी मूळ तरंगात मिसळून काही स्वर मारतो आणि काही फुगवतो. म्हणून स्पीकर भिंतीला आणि छताला चिकटवून ठेवू नये. कोपऱ्यात तर खर्ज फारच फुगतो, कारण तो चहूकडे पसरण्याऐवजी तीन पृष्ठभागांच्या चिमटीतून एकाच दिशेने बाहेर पडतो. डग्गा घुमत होता त्याचे कारण कपाटावरचा तो कोपरा. उलट, रात्री हळू आवाजात ऐकताना खर्ज गेल्यासारखा वाटतो, त्यात मात्र खोलीचा दोष नाही. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवले की हळू आवाजात आपल्या कानांना खर्ज प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो. जुन्या डेकवर 'लाउडनेस' लिहिलेले बटण असे ते याचसाठी. मोठ्या आवाजात ते चालू ठेवणाऱ्यांच्या शेजाऱ्यांनी फ्लेचर-मन्सन यांना दोष देऊ नये.

मित्राकडे आम्ही पुढचा रविवार घालवला. स्पीकर कपाटावरून उतरवून दोन्ही सारख्या उंचीच्या स्टुलांवर, कानांच्या पातळीला ठेवले. मागची भिंत अर्धा मीटर दूर. दोन स्पीकरमध्ये दोन मीटर, आणि दोरीने मोजून प्रत्येकापासून दोन मीटरवर खुर्ची. फरशीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा. बाजूच्या भिंतीवर मी आरसा सरकवत गेलो आणि खुर्चीवर बसलेल्या मित्राला जिथे आरशात स्पीकर दिसला, तिथे दोरीवर गोधडी टांगली, कारण प्रकाश जिथून परततो तिथूनच आवाजही परततो. आकडा अर्ध्या-पाऊण सेकंदावर आला असावा. गोधडी पाहून वहिनींच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मात्र कुठल्याच सूत्रात बसत नव्हते.

तेच नाट्यपद लावले. शब्द आता स्वच्छ कळू लागले, पण गायक मधे येण्याऐवजी खोलीभर विरघळून गेल्यासारखा झाला, आणि डग्गा पार नाहीसा. जुने मुद्रण एकाच वाहिनीचे असते, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून नेमके तेच निघते. अशा मुद्रणात गायक बरोबर मधोमध उभा राहायला हवा, म्हणून समतोल तपासायला जुन्या गाण्यांसारखे साधन नाही. इथे तो उभा राहत नव्हता. मागे वाकून पाहिले तर एका स्पीकरच्या दोन तारा उलट्या जोडलेल्या. एक पडदा हवा पुढे ढकलत होता त्या क्षणी दुसरा मागे ओढत होता. खर्जाची बेरीज शून्याकडे जात होती आणि कानांतल्या घड्याळाला मध्य सापडत नव्हता. संच बंद केला, तारांची अदलाबदल केली आणि पुन्हा लावला.

दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधे भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली होती. गाणे सुरू झाले तशी मित्राची सहा वर्षांची नात उठली, भिंतीपाशी गेली आणि दिनदर्शिका उचलून तिच्यामागे कोण आहे ते पाहू लागली.